क्रोन्समध्ये आतड्याची सूज किती, हे एमआरआयवरून कसं ठरवतात?

तुमचा प्रश्न असा: भावाला क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आहे, एमआरआयच्या अहवालात 'टर्मिनल इलियमची भिंत ६ मिमी, इडिमा आहे, मारिया स्कोअर १६' असं आलंय (टर्मिनल इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, इडिमा म्हणजे भिंतीत साचलेलं पाणी, मारिया म्हणजे सूज आकड्यात मांडायचं सूत्र). कोलोनोस्कोपी झालेली असताना ही तपासणी कशाला, आणि त्या १६ वर किती विसंबायचं?

कोलोनोस्कोपीत फक्त आतलं अस्तर दिसतं. क्रोन्सची सूज भिंतीच्या सगळ्या थरांत उतरते, पार बाहेरच्या चरबीपर्यंत जाते. शिवाय लहान आतड्याचा बहुतेक भाग त्या दुर्बिणीच्या टप्प्यात येतच नाही. म्हणून एमआर एन्टरोग्राफी, म्हणजे आतडं पाण्याने फुगवून काढलेला एमआरआय, करतात. सीटीनेही बरंच दिसतं, पण हा आजार बहुतेकदा तरुणपणी सुरू होतो आणि तपासण्या वर्षानुवर्षं कराव्या लागतात. दर वेळी किरणोत्सर्ग कशाला द्यायचा?

आकड्याकडे वळण्याआधी तयारी नीट झाली होती का, ते विचारा. माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो. चार ते सहा तास उपाशी राहून, स्कॅनच्या आधीच्या ४५ ते ६० मिनिटांत १ ते १.५ लिटर मॅनिटॉलचं किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं पाणी थोडं थोडं करत प्यायचं असतं. साधं पाणी चालत नाही, कारण ते शेवटच्या भागापर्यंत पोचायच्या आतच शोषलं जातं. आतडं फुगलं नाही तर मिटलेल्या भागाच्या घड्या एकावर एक बसतात आणि निरोगी भिंतसुद्धा जाड दिसते. घाईने प्यायलं तर उलटी होते, फार उशीर झाला तर पाणी मोठ्या आतड्यात निघून जातं. नंतर काही तास जुलाब होतात, ते अपेक्षितच आहे.

आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइडचं इंजेक्शन देतात, साधारण २० मिग्रॅ. काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल किंवा हृदयाचे ठोके फार जलद असतील तर हे आधीच सांगायचं. गॅडोलिनियमच्या (सुजलेला भाग उजळवणाऱ्या द्रव्याच्या) इंजेक्शनसाठी किडनीचा रिपोर्ट लागतो.

आता चित्रात काय बघतात ते. फुगलेल्या आतड्याची भिंत ३ मिमीपेक्षा जाड असेल तर संशय घ्यायचा. इडिमा टी-२ चित्रावर (एमआरआयच्या ज्या प्रकारात पाणी उजळ दिसतं) ओळखतात: भिंत शेजारच्या, कण्यालगतच्या सोआस स्नायूपेक्षा उजळ दिसते. पण हे चरबीचा सिग्नल दाबलेल्या चित्रावरच बघावं लागतं. जुन्या आजारात भिंतीत चरबी साचते आणि टी-२ वर तीही उजळच दिसते. चरबी दाबली की ती काळी पडते, पाणी तसंच चमकत राहतं. ही एक पायरी चुकली तर थंडावलेला आजार सक्रिय म्हणून नोंदला जातो. याशिवाय व्रण, गॅडोलिनियमनंतर भिंत किती उजळते, भोवतालच्या चरबीत सूज आहे का, हेही बघतात.

मारिया हे सूत्र बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये मांडलं. प्रत्येक भागासाठी वेगळा हिशोब: १.५ × जाडी मिमीमध्ये, अधिक ०.०२ × उजळण्याची टक्केवारी, अधिक इडिमा असल्यास ५, अधिक व्रण असल्यास १०. भावाचा आकडा मांडून बघा. ६ मिमीचे ९, उजळणं १०० टक्के धरलं तर २, इडिमाचे ५, व्रण नाहीत. बेरीज १६. सात किंवा जास्त म्हणजे आजार सक्रिय, अकरा किंवा जास्त म्हणजे तीव्र.

यात इडिमा 'आहे की नाही' या एका निर्णयाला ५ गुण आहेत, व्रणाला तर १०. बघणारा बदलला की आकडा उडी मारू शकतो. म्हणून १६ चे १४ झाले तर लगेच सुधारणा समजू नका आणि १८ झाले तर घाबरू नका. जाडी, इडिमा, व्रण यांतलं काय बदललं ते वाचा. २०१९ च्या सोप्या मारियात टक्केवारीच काढून टाकली: जाडी ३ मिमीच्या वर १, इडिमा १, चरबीतली सूज १, व्रण २. एक किंवा जास्त म्हणजे सक्रिय, दोन किंवा जास्त म्हणजे तीव्र. रोजच्या कामाला मला हीच बरी वाटते.

काही सापळे. जेजुनम, म्हणजे लहान आतड्याचा वरचा भाग, मुळातच जास्त उजळतो; तिथे इलियमचा निकष लावू नये. डिफ्यूजन चित्रावर (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारा एमआरआयचा प्रकार) मिटलेलं निरोगी आतडंही चमकतं, त्यामुळे फक्त त्यावरून निदान करू नये. अस्तरावरचे अगदी छोटे, उथळ व्रण एमआरआयला दिसत नाहीत.

अहवालात अरुंद झालेल्या भागाचा उल्लेख असेल तर त्याच्या आधीचं आतडं किती फुगलंय ते बघा. ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर अडथळा गंभीरपणे घ्यायचा. तिथे सूज किती आणि कायमचा घट्टपणा किती, हे एमआरआय खात्रीने वेगळं करू शकत नाही. बहुतेकदा दोन्ही एकत्रच असतात. गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर त्यासाठी पेल्व्हिसचा (ओटीपोटाच्या खालच्या भागाचा) वेगळा एमआरआय लागतो, हा पुरत नाही.

औषधाचा परिणाम बघायला पुढचा स्कॅन साधारण ३ ते ६ महिन्यांनी करतात, सोबत शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन मोजणारी). शक्यतो त्याच मशिनवर, त्याच पद्धतीने करा, आणि जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्या. नुसता कागद नेला तर रेडिओलॉजिस्टला तोच भाग शेजारी ठेवून मोजता येत नाही.