जाताना आठ तास, येताना सात

प्रश्न : लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या विमानतळांमधले अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. माझ्या तिकिटानुसार लंडनहून सकाळी ११ वाजता सुटणारे विमान दुपारी २ वाजता पोहोचते, तर न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ वाजता सुटणारे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता पोहोचते. एकाच अंतराला तीन तास आणि बारा तास कसे? हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे का?

उत्तर : तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. न्यूयॉर्कचे घड्याळ लंडनच्या पाच तास मागे असल्यामुळे जाताना तीन तासांत पाच मिळवावेत आणि येताना बारा तासांतून पाच वजा करावेत, म्हणजे आठ आणि सात तास हाती येतात. आपल्या प्रश्नाचा खरा गाभा या उरलेल्या एका तासात आहे.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे गंतव्यस्थान आपणहून सरकत येईल, असे अनेकांना वाटते. तसे असते तर न्यूयॉर्कला जायला कमी वेळ लागला असता. प्रत्यक्षात तिकडे जायलाच अधिक वेळ लागतो. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते, म्हणून जमिनीच्या फिरण्याचा त्याला थेट लाभ होत नाही. मात्र विमाने जिथे उडतात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उत्तर अटलांटिकवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह नावाचे वेगवान वारे वाहतात. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातील फरकामुळे ते निर्माण होतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्यांना ही दिशा मिळते. त्या अर्थाने आपला तर्क पुष्कळ जवळ पोहोचला आहे.

हवेच्या संदर्भात ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला, तर हे अंतर सुमारे साडेपाच तासांत कापले जाते. तोच वारा समोरून आला, तर जवळपास सात तास लागतात. वेळापत्रकातील वेळ याहून मोठी असते, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि पुन्हा फलाटापर्यंत येणे हे सारे तिच्यात धरलेले असते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या साथीने ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला, तरी भोवतालच्या हवेच्या संदर्भात त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता.

अंतराबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ५,५५० किलोमीटर ही पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेची लांबी आहे. सपाट नकाशावर ही वाट उत्तरेकडे वाकलेली दिसते. नकाशावर सरळ दिसणारी, एकच दिशा धरून जाणारी वाट तिच्याहून सुमारे २०० किलोमीटर लांब पडते. तरीही विमान रोज त्या सर्वांत जवळच्या वाटेने जात नाही. वाऱ्याचा अंदाज पाहून अटलांटिकवरचे हवाई मार्ग दररोज नव्याने आखले जातात, आणि समोरचा वारा टाळता येत असेल तर लांबचा मार्गही कमी वेळेचा ठरतो.

प्रवास मार्चमध्ये असेल तर आणखी एक काळजी घ्यावी : अमेरिकेत उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत, ब्रिटनच्या आधी सुरू होते, त्यामुळे दोन-तीन आठवडे दोन्ही शहरांतील फरक चारच तासांचा असतो आणि ११ वाजता लंडन सोडलेले विमान न्यूयॉर्कच्या घड्याळात ३ वाजता पोहोचते.