आधी टाकीत थर्मामीटर बुडवा

प्रश्न : आमच्याकडे यंत्रांचे सुटे भाग गरम पाण्याच्या टाक्यांमध्ये धुतले जातात. त्यासाठी बॉयलरची १६० अंशांची वाफ वापरतो. छतावर सौर यंत्रणा बसवून बॉयलर बंद करता येईल का?

उत्तर : बॉयलर काढायची घाई करू नका, पण त्याचं बरंच इंधन नक्की वाचेल. तुम्ही वाफेचं तापमान कळवलंत, टाकीतल्या पाण्याचं नाही. हे सगळीकडेच होतं, कारण मापक बॉयलरवर बसवलेलं असतं. अशाच एका कारखान्यात मी स्वतः टाकीत थर्मामीटर बुडवला, तर पाणी होतं ६२ अंश. भाग स्वच्छ निघायला ६० पुरत होते. त्यासाठी १६० अंशांची वाफ तयार होऊन लांबच्या लांब पाइपातून येत होती, आणि टाकी उघडी होती.

सूर्याकडून वाफ मागितली की काम अवघड होतं. कलेक्टर, म्हणजे उन्हाची उष्णता गोळा करणारं छतावरचं उपकरण, जितका जास्त तापेल, तितकी त्याची उष्णता आजूबाजूच्या हवेत निसटते. ६० अंशांना साधा सपाट कलेक्टर पुरतो. शंभरीच्या आसपास निर्वात नळ्या लागतात. १५० च्या पुढे सूर्यामागे फिरणारे पन्हाळीसारखे आरसे आले, आणि त्यांना थेट ऊनच लागतं, ढगांतून झिरपणारा उजेड त्यांच्या कामाचा नाही. चिलीतल्या गाब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीचं उदाहरण मला म्हणूनच फार आवडतं. तिथे २०१३ पासून सुमारे ३९,००० चौरस मीटर सपाट कलेक्टर तांबं शुद्ध करण्याचं द्रावण तापवायला मदत करतात. वाळवंटातलं कडक ऊन हाताशी असूनही त्यांनी आरसे घेतले नाहीत, कारण द्रावणाला तेवढं तापमान लागतच नाही.

आता हिशेब. १,००० लिटर पाणी ५० अंशांनी तापवायला सुमारे ५८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर सपाट कलेक्टर अडीच-तीन युनिट देतो, म्हणजे वीस-पंचवीस चौरस मीटर झाले. पण त्याआधी टाकीवर झाकण टाका, पाइपांना इन्सुलेशन करा आणि गटारात जाणाऱ्या गरम पाण्यावर हीट एक्स्चेंजर बसवून आत येणारं ताजं पाणी तापवा. एवढं करूनही जी गरज उरेल, तिच्यापुरतेच कलेक्टर घ्या. सौर उष्णता ताज्या पाण्याला द्या, कारण थंड पाणी ती सर्वांत सहज घेतं. बॉयलरच्या फीडवॉटरला, म्हणजे त्यात भरायच्या पाण्याला, द्यायचा विचार असेल, तर कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, किती परत येतं ते आधी बघा. ते ९० अंशांना परत येत असेल, तर तिथे सूर्याला फारशी जागाच नाही.

आणि सुट्ट्या विसरू नका. एक कारखाना देखभालीसाठी आठ दिवस बंद होता. पंपही बंद, ऊन मात्र चालूच. मी पोहोचले तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्हखाली चिकट डबकं साचलं होतं आणि पाइपातलं ग्लायकॉल (कलेक्टरमधली उष्णता वाहून नेणारा द्रव) काळपट होऊन जळक्या वासाचं झालं होतं. आराखडा मी तपासला होता आणि हा प्रश्न विचारायचा राहून गेला, याची मला अजून खंत वाटते. तेव्हापासून मी शक्य तिथे पंप थांबताच द्रव आपोआप खाली टाकीत उतरेल अशीच रचना सुचवते. रिकामा कलेक्टर तापला तरी आत उकळायला काही उरत नाही.

प्रश्न : त्यापेक्षा सौर वीज घेऊन हीटर लावणं सोपं नाही का?

उत्तर : सोपं आहे, पण छत जास्त लागेल. सौर पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं, कलेक्टर ६० अंशांना जवळपास निम्मं ऊन उष्णता म्हणून देतो. मात्र साध्या हीटरऐवजी हीट पंप (आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र) लावलात तर तीच वीज तिप्पट उष्णता देऊ शकते. मग दोन्ही पर्याय बरोबरीला येतात, आणि सुट्टीच्या दिवशी वीज दुसरीकडे वापरता येते. तुमचा कारखाना आठवड्यातून दोन दिवस बंद राहत असेल, तर मी हीट पंपाकडे झुकेन.

दोघांनीही पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा: टाकीतलं खरं तापमान, रोज भरावं लागणारं ताजं पाणी लिटरमध्ये, आणि वर्षातले बंद दिवस.