न पाठवलेल्या रकान्याचं काय?

प्रश्न : ताई, मी विश्रामबागला घरूनच एका छोट्या कंपनीचं काम करतो. आमच्या टूलमधून एआय एजंटला (सांगितलेलं काम आपणहून पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्डच्या व्हॉल्टमधली, म्हणजे डिजिटल तिजोरीतली, जुनी नोंद बदलता येते. त्याचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे टूल कसं वापरायचं ते एजंटला सांगणारं पान, माझ्या गळ्यात पडलंय. साहेब म्हणतात, "रकान्यांची यादी दे, वर 'नोंद अपडेट करते' एवढं लिही. एजंट हुशार असतो, बाकीचं बघून घेईल." मला पटत नाही, पण दुसरं काय लिहायचं तेही सुचत नाही.
— अ. पा., सांगली

उत्तर : साहेबांची ती ओळ मी स्वतः लिहून बसलेली आहे. पुण्यात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. ग्राहकाने नोंदीतला फक्त फोन नंबर बदलून पाठवला, आणि पत्ता, टिपा, सगळं कोरं झालं. प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणेच चालला होता, जुनी नोंद काढून आलेली नोंद अख्खी ठेवत होता. घोळ माझ्या 'अपडेट करते'ने घातला.

म्हणून तुमच्या पानावर सगळ्यात आधी हे येऊ द्या, की जो रकाना पाठवलाच नाही त्याचं काय होतं? तो तसाच राहतो की पुसला जातो? आणि रिकामा पाठवला तर? नावाजलेली टूल्सही इथे सारखी वागत नाहीत. बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या टूलच्या कमांड लाइनमध्ये (जिथे हुकूम टाइप करून देतात) एडिट करताना आयटमचा पूर्ण जेसन, म्हणजे सगळ्या रकान्यांचा मजकूर, द्यावा लागतो, म्हणजे आधी तो मागवायचा, त्यात बदल करायचा आणि सगळा परत पाठवायचा. वनपासवर्ड या तशाच दुसऱ्या टूलमध्ये हवा तेवढा एकच रकाना बदलता येतो. तुमचं टूल यातलं कुठलं, हे तुम्ही सांगितलं नाहीत तर एजंट अंदाजाने चालणार. माणूस निदान अडल्यावर फोन तरी करतो. आणि व्हॉल्टच्या नोंदीत एकटा पासवर्ड थोडाच असतो? दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड ज्यावरून तयार होतो ती गुप्त किल्लीही बऱ्याचदा तिथेच असते. पासवर्ड बदलायच्या नादात ती पुसली गेली, तर नवा पासवर्ड बरोबर असूनही मालक दाराबाहेर.

नवा पासवर्ड कोण तयार करतो तेही लिहा. एजंटने केला तर तो त्याच्या संभाषणात आणि लॉगमध्ये (कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) पडून राहतो. टूलनेच तयार करून ठेवावा आणि उत्तरात फक्त नोंदीची ओळख द्यावी, हे उत्तम. कमांडमध्ये उघडा लिहिलेला पासवर्ड त्याच मशिनवरच्या इतर प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) दिसू शकतो, अशी सूचना वनपासवर्डच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. तशी तुमच्याकडेही हवी. उदाहरणात 'सांगली@१२३' वगैरे मुळीच नको; एजंट उदाहरणं जशीच्या तशी उचलतो.

आणखी एक, व्हॉल्टमध्ये पासवर्ड बदलला म्हणजे वेबसाइटवर बदलला असं होत नाही. हे वाक्य मी जाड ठशात टाकेन. नवा जुन्याशेजारी ठेवायचा, साइटवर बदलायचा, लॉगिन करून बघायचं, मगच जुन्याला मागे सारायचं. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्दीत आकडा चुकला तर ते एक आडवी रेघ मारून शेजारी सही करत. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे, नाहीतर आम्हा पोरांसमोरसुद्धा हाताखालच्या कारकुनाला बोलणी बसत. बिटवॉर्डन एका नोंदीचे मागचे पाच पासवर्ड ठेवतं. तुमचं टूल किती ठेवतं, आणि त्यातला एक परत कसा आणायचा?

'मालकाला विचारल्याशिवाय बदलू नये' असं लिहून निश्चिंत होऊ नका. एजंट ते बहुतेक वेळा पाळेल. पण एखाद्या वेबपानात दडवलेल्या मजकुराने उलटं सांगितलं तर त्याचा भरवसा नाही. ती अट कोडमध्येच लागते. तिथे नसेल तर पानावर ती असल्याचा आव आणू नका, साहेबांना सांगा.

लिहायला बसण्याआधी एक खोटी नोंद करा, सगळे रकाने भरा, टूलला फक्त पासवर्ड बदलायला सांगा आणि नोंद उघडून बघा. मी हे केलं नव्हतं.

प्रश्न : तासगावला आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. मुलगा म्हणतो, दर महिन्याला एजंटकडून सगळे पासवर्ड बदलून घेऊ. करावं का?
— एक व्यापारी

उत्तर : नको. कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ सालीच सांगितलंय. फुटल्याचा संशय आला तर मात्र लगेच बदला. शिवाय ओटीपी येणार तुमच्या मोबाइलवर, आणि तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत असाल तर एजंट अर्ध्यातच थांबणार. मुलाची हौसच असेल तर एकाच, बिनमहत्त्वाच्या खात्यावर करून बघू दे, आणि तेही सौद्याचा दिवस सोडून.