रूळ नंतर शोधा, आधी भिंती बघा

बंद पडलेल्या ट्राममार्गांच्या खुणा हुडकताना नवखे लोक थेट रूळ शोधायला लागतात, आणि रूळ तर बहुतेक ठिकाणी उखडलेले किंवा डांबराखाली गेलेले. त्यापेक्षा मान वर करा. जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर फुलाच्या आकाराची बिडाची चकती आणि तिला हूक दिसला, तर ट्रामची तार तिथून ताणलेली असू शकते. समोरच्या भिंतीवर तिची जोडीदार असली तर शक्यता वाढते. एकट्या चकतीवर विसंबू नका, रस्त्यावरचे दिवेही असेच टांगत.

डांबरात दोन समांतर तडे दूरवर जात असतील तर त्यांतलं अंतर मोजा. १४३५, १०६७ किंवा १००० मिमी या ट्रामच्या दोन रुळांमधल्या नेहमीच्या अंतरांच्या आसपास आलं तर खाली रूळ असण्याची शक्यता बळावते. उघडा रूळ मिळाला तर चाक ज्यावरून धावतं त्या भागाच्या आतल्या कडेपासून समोरच्या तशाच कडेपर्यंत मोजायचं. चाकाच्या कडेसाठी रुळात जी खाच असते, तिच्यापलीकडची पातळ कड धरली की माप कमी भरतं. ही चूक हमखास होते.

दोन रुळांच्या मधोमध तिसरी फट दिसली तर ट्रामसाठी वीज जमिनीखालून घेतली जात असण्याची शक्यता असते. लंडनच्या किंग्जवे भुयाराच्या उत्तरेकडील उतारावर हे अजून दिसतं. ते १९०६ मध्ये सुरू झालं आणि १९५२ मध्ये तिथली ट्राम थांबली.

बंद भुयारात मात्र परवानगीशिवाय शिरू नका. कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी असला तरी वासावरून कळत नाही. १९.५ टक्क्यांखाली वायुमापक गेला की लगेच बाहेर.