छापलेली सबटायटल्स आणि कोटेशनमधली शेवटची ओळ

काटोलच्या एका संत्रा उत्पादक शेतकऱ्यावर तुम्ही माहितीपट केला. नागपुरात धरमपेठेतल्या एडिटरने हिंदी सबटायटल्स थेट चित्रातच छापून फाइल दिली. शेतकरी बोलतो तीन लाखांच्या कर्जाबद्दल आणि खाली उमटतं तेरा लाख. आता गावातले लोक त्याला विचारतात, वरचे दहा लाख कुठे गेले? एडिटर सबटायटल्सविना प्रत द्यायला वेगळे चाळीस हजार मागतो. तुम्ही विचारता, सॉफ्टवेअर वापरून ती छापलेली अक्षरं मीच पुसली तर तो केस करेल का?

लग्नाचे व्हिडिओ, संस्थेच्या फिल्म्स, कॉलेजचे प्रोजेक्ट यांबद्दल असेच प्रश्न सतत येतात आणि सगळ्यांना भीती पुसण्याचीच वाटते. ती सोडा. पैसे देऊन तुम्ही करवून घेतलेल्या फिल्मचे पहिले मालक तुम्हीच, असं कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७(ब) सांगतं. उलट करार मात्र नसावा. एडिटरचं नाव श्रेयनामावलीतून काढू नका, एवढं पाळा. हिंदी मजकुरावर अनुवादकाचा हक्क असू शकतो, म्हणून जुन्या ओळी उचलण्याऐवजी नव्याने लिहून घ्या.

खरी अडचण तुम्ही जोडलेल्या कोटेशनच्या शेवटच्या ओळीत आहे: ‘डिलिव्हरी फायनल एक्स्पोर्टपुरती. ९० दिवसांनंतर डेटा ठेवण्याची जबाबदारी नाही.’ म्हणजे तयार झालेली अंतिम फाइल दिली की त्याचं काम संपलं. त्याखाली व्हॉट्सॲपवर तुमचंच ‘ओके सर’. फाइल हाती येऊन सातवा महिना चालू आहे. ती मिळाली त्याच आठवड्यात एकदा शेवटपर्यंत पाहिली असती, तर हा प्रश्न एका फोनवर मिटला असता. छापलेली अक्षरं म्हणजे चित्राचाच भाग. त्यांच्याखाली काय होतं, ते त्या फाइलमध्ये उरलेलंच नसतं. सॉफ्टवेअर आजूबाजूचं पाहून अंदाजाने जागा भरतं. शेतकऱ्याचे हात अक्षरांमागे असतील, तर तिथे धुरकट ठिगळच दिसेल.

म्हणून आजच एडिटरला फोन करून एकच विचारा: डेटा अजून आहे का? ‘आहे’ म्हणाला, तर त्याचं उत्तर लेखी घ्या. शूटिंगचं फुटेज तुमच्या हार्ड डिस्कवर दिलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिलं असेल आणि त्याचे ठरलेले पैसे चुकते असतील, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १६० प्रमाणे काम संपल्यावर ती डिस्क परत करणं त्याला भाग आहे. प्रोजेक्ट फाइल, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधली ती फाइल जिच्यात सबटायटल्स वेगळी काढता येतात, तिच्याबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. कोटेशनमध्ये तिचा उल्लेख नसल्याने तिथे तुमची बाजू लंगडी आहे. पुन्हा एक्स्पोर्ट करायची वाजवी मजुरी मागितली तर घासाघीस करून द्या. सबटायटलमधली चूक त्याच्याकडून झालेली आहे, तेव्हा चाळीस हजार मात्र देऊ नका.

दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तिच्या भरवशावर बसू नका. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तारखांवर तारखा पडत राहतील आणि तोवर त्याच्या डिस्कवर दुसऱ्या कुणाचं लग्न भरलेलं असेल. एवढ्या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात समेटाचा अर्ज करून पाहा. व्हॉट्सॲपचं संभाषण त्याच फोनमध्ये जपा. पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि निव्वळ स्क्रीनशॉटवर भागत नाही.

डेटा गेला असेल, तर जुन्या ओळीवर काळी पट्टी टाकून त्यावर नवी, बरोबर ओळ छापा. दिसायला बरं नाही, पण खरं असेल. आणि तोपर्यंत चुकीची प्रत सगळीकडून आजच काढा. शेतकऱ्याचा मानहानीचा दावा टिकेल की नाही, हे पुढचं पुढे. त्या माणसाला गावात रोज उत्तरं द्यावी लागताहेत. त्याला स्वतः भेटून सांगा की चूक सबटायटलमध्ये होती, आणि दुरुस्त प्रत आधी त्याला दाखवा.