मुखवट्याचा डीपी आणि पंचनाम्याचा कागद

"मना पोऱ्या हातमाईन गया," रावेर तालुक्यातले एक केळीवाले शेतकरी समुपदेशनाला आले आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले. मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत. 'व्ही फॉर व्हेन्डेटा' हा जुलमी सरकारशी लढणाऱ्या मुखवटेधारी नायकाचा 2005 चा इंग्रजी सिनेमा त्याने पाच-सहा वेळा पाहिलेला. डीपीला त्यातला हसरा मुखवटा. एका रात्री जेवताना म्हणाला, "मतदानाने काही होत नसतं अप्पा, इमारतच उडवावी लागते." अप्पांनी मोबाइल काढून घेतला. मुलाने बोलणं टाकलं.

सिनेमाला नावं ठेवली की मूल त्याची वकिली करू लागतं. मग त्याला स्वतःला त्यात जे खटकलं असेल, तेही ते गिळून टाकतं. म्हणून पहिल्या भेटीत सिनेमा वाईट आहे असा शब्दही काढायचा नाही.

आणि हा सिनेमा खरोखरच दोन तोंडांनी बोलतो. सत्ता माणसांना भीती दाखवते, कोठडीत छळते, म्हणून ती वाईट. पण ज्या मुलीवर नायकाचा जीव आहे, तिला तोच खोट्या तुरुंगात डांबतो, तिचं डोकं भादरतो, छळतो. वर सांगतो, तू निर्भय व्हावीस म्हणून केलं. सिनेमा याला मुक्ती म्हणतो. ज्याचा मुखवटा, तो गाय फॉक्स 1605 साली लंडनच्या पार्लमेंटखाली दारूगोळा राखत होता; तोही लोकशाहीसाठी नव्हे, गादीवर कॅथलिक सत्ता यावी म्हणून.

मुलासोबत तुरुंगाचाच भाग घेतला. अख्खा सिनेमा लावला की बोलणं पांगतं. 10-15 मिनिटांचा तुकडा पुरतो. "चूक की बरोबर?" असं विचारलं तर परीक्षेतलं उत्तर मिळतं. त्याला विचारलं, "तिच्या जागी तुझी ताई असती तर?" तो बराच वेळ टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखाने उचकटत राहिला. "तिने परत त्याचं तोंड पाहिलं नसतं."

नंतर पार्लमेंटची इमारत उडते तो शेवटचा स्फोट, आवाज बंद करून. त्या प्रसंगावर चायकोव्हस्कीचं संगीत आहे आणि अंगावरचा काटा निम्मा त्याचाच असतो. मुक्या पडद्याकडे पाहता पाहता तो म्हणाला, "आत रात्रपाळीचा वॉचमन असंल ना?"

"इमारत म्हणजे कोणती?" हे मात्र सरळ विचारायचंच, घाबरायचं नाही. उत्तरात ठरावीक माणूस, दिवस किंवा सामान आलं, झोप उडाली असेल, मित्र तुटले असतील, मरणाची भाषा येत असेल, तर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. सोबत मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. या मुलाचं उत्तर वेगळं निघालं. वादळात बाग आडवी झाली, तेव्हा पंचनाम्याच्या कागदासाठी अप्पा एका कचेरीत सात खेपा घालून आले होते. शेवटच्या खेपेला तो सोबत होता. अप्पा साहेबांपुढे हात जोडून उभे राहिलेले त्याने पाहिले होते. अप्पांना हे ठाऊकच नव्हतं.

राग खरा होता. "राजकारण सोड, अभ्यास कर," म्हटल्याने तो गेला नसता. पुढच्या भेटीत खान्देशातलीच दोन उदाहरणं समोर ठेवली. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारमध्ये हाती झेंडा घेऊन गोळी झेललेला शिरीषकुमार. आणि 1944 मध्ये चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटलेला सरकारी खजिना. कोणाचं बरोबर, यावर तो तासभर भांडला. तेव्हा मताचा अधिकार होता का, दाद मागायला जागा होती का, हे त्यानेच काढलं. ही भांडणं घरात झाली पाहिजेत, जेवणाच्या ताटावर झाली तरी चालतील.

अप्पांना एवढंच सांगितलं: मोबाइल परत द्या, डीपीबद्दल बोलू नका, आणि त्या सात खेपा त्याला तुमच्या तोंडून सांगा.

माहिती अधिकाराचा अर्ज मुलाने लिहिला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. पहिल्या मसुद्यात "तुम्ही आम्हाला का छळता?" असं होतं. "का" विचारलं की उत्तर टाळता येतं, नोंदीची प्रत मागितली की टाळणं अवघड जातं, हे समजावल्यावर त्याने ती ओळ खोडली, गट नंबर आणि वादळाची तारीख घातली, आणि कागद सहीसाठी अप्पांपुढे सरकवला.