दर उन्हाळ्यात एसीमध्ये गॅस भरावाच लागतो का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आधी फिल्टर धुवा, बाहेरच्या युनिटची जाळी साफ करा. आतल्या युनिटच्या कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ जमला की लोक लगेच ‘गॅस गेला’ म्हणतात, पण हवा अडली तरीही बर्फ जमतो.

खरंच गळती असेल तर ती बहुधा नळ्यांच्या नटजोडांवर सापडते. तिथे तेलकट डाग दिसतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. जोड दुरुस्त करून नायट्रोजनच्या दाबाने तपासणी, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढणं, आणि शेवटी युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणं, हा खरा क्रम. मेकॅनिक पंप आणि काटा न आणताच आला, तर (स्पष्टच सांगतो) त्याला परत पाठवा.

हे घरी करून पाहू नका. एसीत वापरला जाणारा आर-३२ हा गॅस थोडा ज्वलनशील असतो, आर-२९० हा दुसरा गॅस तर चक्क प्रोपेन आहे.